दुर्गाघाट आणि विजेची तार

काशीच्या दुर्गाघाटाच्या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथे प्रातःस्नान करणाऱ्याचे आरोग्य काही अंशी विजेच्या तारेवर अवलंबून असते, हे सहसा ध्यानात येत नाही.

१४ जून १९८६ रोजी वाराणसीत गंगा कृती योजनेचा आरंभ झाला. मैलापाणी नदीत जाऊ नये म्हणून घाटांवर पंप बसले. दीनापूर येथे रोज ८ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले. तेथे मैला पचविण्याचे काम सूक्ष्मजंतूच करीत. मात्र त्यांना अखंड हवा लागे. वीज गेली की ते गुदमरत, पंप थांबत आणि रोगजंतूंसह मैलापाणी पुन्हा गंगेत उतरे.

खरी मेख पैशात होती. उभारणीचा खर्च केंद्राने केला. पंप चालविण्याचा भार कालांतराने राज्यावर आला. वीज नसता लागणारे डिझेलही त्यातच मोडे.