उतरल्यानंतरची वाट

भलत्याच विमानतळावर विमान उतरलं की त्याची बातमी होते. सप्टेंबर १९७२मध्ये सांताक्रूझला उतरायचं जपान एअरलाइन्सचं डीसी-८ जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि टोकाबाहेर गेलं, हे मुंबईच्या जुन्या मंडळींना अजून आठवत असेल. पण योग्य विमानतळावर, योग्य धावपट्टीवर अलगद टेकलेलं विमान गेटकडे जाताना रस्ता चुकतं, त्याची नोंद बहुधा तपास अहवालांतच राहते. असे अहवाल वाचण्याचा नाद मला फार पूर्वीपासून आहे, आणि त्यातल्या एका रात्रीच्या संभाषणाकडे मी सतत परत जातो.

६ डिसेंबर १९९९. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यातला प्रॉव्हिडन्सचा टी. एफ. ग्रीन विमानतळ, वेळ रात्री साडेआठच्या सुमाराची. धुकं इतकं दाट की टॉवरमधून विमानं दिसत नव्हती, आणि जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार तिथे नव्हतं. युनायटेड १४४८ हे बोइंग ७५७ 'पाच राइट' धावपट्टीवर उतरलं. कंट्रोलर बाईंनी रस्ता सांगितला: नोव्हेंबर टॅक्सीवे, मग टँगो (म्हणजे एन आणि टी या अक्षरांचे जमिनीवरचे रस्ते), वाटेत सोळा नंबरची धावपट्टी ओलांडायची.

टॅक्सीवेवर काळ्या पाटीवरचं पिवळं अक्षर म्हणजे आपण आहोत तो रस्ता. पिवळ्या पाटीवरचं काळं अक्षर म्हणजे पुढे फुटणारा. स्वच्छ हवेत यात अवघड काही नाही. धुक्यात मात्र पाटी वाचता येईपर्यंत वळण मागे पडलेलं असतं. टँगोऐवजी विमान ब्राव्होवर वळलं, आणि ज्या धावपट्टीवर उतरलं होतं तिच्यावरच पुन्हा येऊन उभं राहिलं.

वैमानिकांनी सांगितलं की आपण एका धावपट्टीवर आहोत, शेजारी किलो टॅक्सीवेची पाटी दिसते आहे. कंट्रोलरचं उत्तर असं, की तुम्ही किलोच्या जवळपासही असायला नको. आहात तिथेच थांबा. तेवढ्यात फेडएक्सचं बोइंग ७२७ त्याच धावपट्टीवरून धावत येऊन त्यांच्या अगदी जवळून उडालं. आत्ता कुणीतरी इथून उडालं, असं युनायटेडने कळवलं. आपण चालू धावपट्टीवर आहोत, हेही सांगून पाहिलं. बाईंचा समज असा, की ते शेजारच्या बंद धावपट्टीवर आहेत. युनायटेडनेही आपली जागा सांगताना घोळ घातला होता, हे खरं. तरी ज्याला समोरची पाटी दिसते आहे त्याचं म्हणणं डोक्यातल्या नकाशापेक्षा हलकं कसं ठरतं, हे मला आजही पटत नाही.

पुढचं विमान होतं मेट्रोजेट २९९८. त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली आणि त्याच्या वैमानिकाने ती नाकारली. तो हा सगळा संवाद त्याच लहरीवर ऐकत होता. खाली काय चाललंय ते कळेपर्यंत आम्ही कुठल्याच धावपट्टीवर येणार नाही, असं त्याने सांगितलं. युनायटेड गेटला लागेपर्यंत तो हलला नाही. परवानगी हातात असताना, मागे वेळापत्रक खोळंबलेलं असताना दिलेला हा नकार मला त्या रात्रीतलं सर्वांत मोठं काम वाटतं. कुणाला खरचटलंही नाही.

मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ला असा कुणी आडवा आला नाही. तिथे उड्डाणासाठी निघालेलं छोटं सेसना धुक्यात आर-५ऐवजी आर-६ टॅक्सीवेने गेलं. वैमानिकाने वाटेत एस-४ ही खूण दिसल्याचं कळवलं होतं. ती खूण जमिनीवर रंगवलेली होती. नकाशात नव्हती, आणि कंट्रोलरलाही ती माहीत नव्हती. सेसना थेट धावपट्टीवर गेलं आणि उडणाऱ्या एसएएसच्या एमडी-८७ने त्याला धडक दिली. ११८ माणसं गेली. जुनं जमिनीवरचं रडार काढून टाकलेलं होतं, नवं सुरू झालेलं नव्हतं. एस-४ ऐकल्यावर कंट्रोलरने त्या वैमानिकाला फक्त 'थांब' म्हणायचं होतं, आणि हा विचार मला अहवाल मिटल्यावरही सोडत नाही.

अमेरिकेत त्या काळी 'अमुक ठिकाणी टॅक्सी करा' एवढं सांगितलं, की नेमून दिलेली धावपट्टी सोडून वाटेतल्या बाकी सगळ्या ओलांडायची मुभा त्यातच गृहीत धरली जाई. प्रत्येक धावपट्टीसाठी वेगळी, स्पष्ट परवानगी हवी, ही शिफारस तिथल्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, प्रॉव्हिडन्सनंतर २०००मध्येच केली होती. तो नियम तिथल्या हवाई वाहतूक प्रशासनाने, एफएएने, लागू केला ३० जून २०१० रोजी. त्याला ना नवं यंत्र लागणार होतं, ना धावपट्टी खोदावी लागणार होती; कंट्रोलरच्या तोंडी एक वाक्य वाढवायला दहा वर्षं घेतली, याचं समर्थन मला कुठल्याच कागदात सापडलेलं नाही.