उसात बिबट्याची पिल्ले सापडली तर

बेलापूर परिसरात प्रवरेकाठी ऊसतोड सुरू झाली की आमची भिल्ल कुटुंबे फडाजवळच कोप्या घालून राहतात. बिबट्याची मादीही उसातच पिल्लांना जन्म देते. तोडणीत पिल्ले उघडी पडतात. आईने टाकली समजून ती उचलू नका. ती जवळपासच असते. पिल्ले हलवली, तर रात्री ती त्यांना शोधत कोप्यांपर्यंत येऊ शकते, आणि तिथे आपली लेकरे झोपलेली असतात.

जुन्नरजवळ माणिकडोह येथे वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था २००७ पासून वन विभागासोबत बिबट निवारा केंद्र चालवते. तिथले पशुवैद्य पिल्ले तपासून संध्याकाळी सापडल्या जागीच खोक्यात ठेवतात व कॅमेरा लावतात. अंधारात आई येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते.

कोप्यांवर प्रार्थनेनंतर मी सांगतो: हात लावू नका, गर्दी करू नका, १९२६ वर वन विभागाला कळवा. तोडणी थांबली की मजुरी बुडते, हे खरे. त्या दिवशी मुकादमाकडे दुसरा फड मागा.

परमेश्वराने सांभाळायला दिलेल्या सृष्टीत तीही एक आईच आहे. या हंगामात ऊसतोड कुटुंबांची प्रार्थनेत आठवण ठेवा.