63 गुणांनी पुढे, तरीही नऊ पराभव

अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने 2021 च्या हंगामात 12 सामन्यांत 335 गुण केले आणि 272 दिले. म्हणजे 63 गुण वरचढ. तरी तीन सामने जिंकले आणि नऊ हरले. नेट रनरेट अधिक असूनही गुणतक्त्यात तळाला बसलेला क्रिकेट संघ डोळ्यांसमोर आणा, म्हणजे गोष्ट लक्षात येईल.

हा हेल्मेट घालून, लंबगोल चेंडूने खेळायचा अमेरिकी फुटबॉल. टचडाउनचे 6 गुण, त्यानंतर चेंडू खांबांमधून मारला की आणखी 1, आणि फील्ड गोलचे 3.

हिशेब उलगडून पाहिला तर

फोर्डम, बफेलो आणि नॉर्थवेस्टर्न या तिघांना नेब्रास्काने अनुक्रमे 52-7, 28-3 आणि 56-7 असं धुतलं. तिथेच 119 गुणांची आघाडी जमली. उरलेल्या नऊ सामन्यांत मिळून संघ 56 गुणांनी मागे राहिला. म्हणजे सरासरी पराभव सहा गुणांच्या आसपास, टचडाउन आणि त्यानंतरची किक मिळून होणाऱ्या सात गुणांहूनही कमी. सर्वांत मोठा पराभव ओहायो स्टेटकडून, तोही 26-17. मिशिगनने त्या वर्षी, नेब्रास्काही ज्यात खेळतो त्या बिग टेन या विद्यापीठगटाचं अजिंक्यपद जिंकलं. त्यांनाही नेब्रास्काविरुद्ध 32-29 असं जेमतेम निसटावं लागलं.

बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी केलेल्या आणि दिलेल्या गुणांवरून अपेक्षित विजय काढायचं सूत्र रूढ केलं. फुटबॉलसाठी बदलून घेतलेलं ते सूत्र इथे लावलं तर सातेक विजय निघतात. म्हणून अनेकांनी ‘नशीब फुटकं’ म्हणून हात झटकले. मला ते पटत नाही.

गळती कुठे होती

या खेळात आक्रमण आणि बचाव यांखेरीज तिसरा विभाग असतो, स्पेशल टीम्स. चेंडूला लाथ मारायची सगळी कामं त्यांची. सरावात दुर्लक्षित राहणारा हाच विभाग, आणि नेब्रास्काचं घर इथेच गळत होतं.

25 सप्टेंबरचा मिशिगन स्टेटविरुद्धचा सामना घ्या. संपायला चारेक मिनिटं उरलेली, नेब्रास्का 20-13 ने पुढे. उत्तरार्धात त्यांच्या बचावाने प्रतिस्पर्ध्याला एकही फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत दहा यार्डांची मजल) मिळू दिला नव्हता. चेंडू लांब मारून सोपवायचा, म्हणजे पंट करायचा, एवढंच काम उरलं होतं. पण सगळे खेळाडू धावले एका बाजूला आणि लाथाडलेला चेंडू गेला दुसऱ्या बाजूला. मिशिगन स्टेटच्या जेडन रीडने तो उचलला तेव्हा त्याच्यासमोर जवळजवळ मोकळं मैदान होतं. 62 यार्ड धावून टचडाउन, बरोबरी, आणि जादा वेळेत 23-20 असा पराभव.

ओक्लाहोमाने आदल्याच आठवड्यात टचडाउननंतरची किक अडवून उलट पळत नेली आणि 2 गुण पदरात पाडून घेतले. शेवटचा सामना घरच्या मैदानावर आयोवाशी. तिसऱ्या सत्रात 21-6 अशी आघाडी होती; मग पंट अडवला गेला, त्यावर टचडाउन झालं, आणि निकाल 28-21. एकदा झालं तर अपघात म्हणू. इतक्या वेळा तेच घडलं, तर ती तयारीतली उणीव. हंगाम संपल्यावर खास या विभागासाठी प्रशिक्षक नेमला गेला, हेही बोलकं आहे.

लिंकनला एवढं का लागलं

नेब्रास्कात एकही मोठा व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. जेमतेम वीस लाखांच्या या राज्याचं सगळं प्रेम विद्यापीठाच्या संघावर. विद्यापीठाच्या लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियममध्ये 1962 पासून प्रत्येक सामना ‘हाउसफुल्ल’ अशी नोंद आहे. (अलीकडे उरलेली तिकिटं देणगीदारांनी घेऊन मुलांना वाटल्यानेही ती टिकली.) पाच राष्ट्रीय अजिंक्यपदं नावावर. त्यातलं 1997 चं मिळवणाऱ्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, स्कॉट फ्रॉस्ट हाच 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षक होता. घरचा मुलगा असल्यामुळे त्याला हाकलणं अवघड झालं.

नोव्हेंबरमध्ये त्याचा पगार वर्षाला 50 लाख डॉलरवरून 40 लाखांवर आणला, आक्रमणाचे चार साहाय्यक घरी पाठवले आणि त्याला आणखी एक संधी दिली. क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ हंगामाचा बराच काळ मोडलेल्या जबड्याने खेळत होता, हेही तेव्हाच बाहेर आलं. हंगामानंतर तो दुसऱ्या विद्यापीठात गेला.

पुढे

2022 च्या पहिल्याच सामन्यात, डब्लिनमध्ये, नेब्रास्का 28-17 ने पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किकचा, म्हणजे आखूड मारून चेंडू परत मिळवण्याचा जुगार खेळला. तो फसला आणि सामना 31-28 ने गेला. 11 सप्टेंबरला त्याला काढलं. आठ किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने संपलेल्या सामन्यांत त्याची नोंद 5 विजय, 22 पराभव अशी. तीन आठवडे थांबले असते तर भरपाई दीड कोटी डॉलरऐवजी 75 लाख द्यावी लागली असती. विद्यापीठाला तेवढाही धीर निघाला नाही.

नंतर आलेल्या प्रशिक्षक मॅट रूलच्या पहिल्या वर्षीही सातपैकी पाच पराभव सात किंवा त्याहून कमी गुणांचे होते. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या पिनस्ट्राइप बोल या हंगामोत्तर सामन्यात बॉस्टन कॉलेजला 20-15 असं हरवून नेब्रास्काने 7-6 अशी नोंद केली. पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला 2016 नंतरचा तो त्यांचा पहिला हंगाम.