यंत्र आले, पुढील खर्चाची तरतूद कोठे?
गव्हर्नर अँगस किंग यांच्या पुढाकाराने सातवीतील प्रत्येक विद्यार्थ्यास संगणक देण्याचा जो उपक्रम अमेरिकेतील मेन राज्याने २००२ साली आरंभिला, त्याचे खरे मोल माझ्या मते यंत्रांच्या संख्येत नसून करारनाम्याच्या कलमांत आहे. कारण अ‍ॅपल कंपनीशी झालेल्या चार वर्षांच्या, सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरांच्या त्या करारात यंत्रांबरोबरच त्यांची दुरुस्ती, बिनतारी जाळे आणि शिक्षकांचे प्रशिक्षणही अंतर्भूत होते.

ही दूरदृष्टी सार्वत्रिक झाली नाही. महासाथीत शाळा ओस पडल्यावर अमेरिकी काँग्रेसने २०२१ मध्ये शाळा व ग्रंथालयांच्या जोडणीसाठी मंजूर केलेला ७१७ कोटी डॉलरांचा आपत्कालीन निधी जून २०२४ अखेर बंद झाला. आणि १९९६ च्या दूरसंचार कायद्यान्वये चालणारी ई-रेट योजना इंटरनेटचा खर्च सोसत असली, तरी विद्यार्थ्याच्या संगणकासाठी तिच्यातून छदामही मिळत नाही.

यंत्राचे आयुष्य मात्र अंदाजपत्रकाची वाट पाहत नाही. लिथियम-आयन बॅटरी वारंवार भारित होताना तिच्या ग्रॅफाइट-अग्रावर साचणारा थर जाड होत जातो, त्यात लिथियम अडकून पडते आणि तिची धारणाशक्ती घटते. बॅटरी निदान बदलता तरी येते. परंतु क्रोमबुकला मिळणारी सुरक्षा-अद्यतने ठरलेल्या मुदतीनंतर थांबली, की सुस्थितीतील यंत्रही शाळेला बाद करावे लागते. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविली, हे स्वागतार्हच. तथापि तिची गणना खरेदीच्या दिवसापासून नव्हे, तर ते प्रतिमान प्रथम बाजारात आल्यापासून होते, आणि सवलतीत मिळालेल्या जुन्या मालाची कित्येक वर्षे अशा रीतीने शाळेच्या दारात येण्यापूर्वीच खर्ची पडलेली असतात.