गुण येईना म्हणून गोळी वाढवली

नेत्रविभागातून चिठ्ठी आली होती : ‘डोळ्यांची तपासणी नॉर्मल. मेडिसिनचे मत द्यावे.’ चिठ्ठीसोबत सव्वीस-सत्तावीस वर्षांची सून आणि तिच्या सासूबाई. घर गुलमंडीत, सुपारी हनुमानाच्या मंदिराजवळच्या गल्लीत. घरचे कापडाचे दुकान. (ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) तक्रार अशी, की संध्याकाळी बाजारातले दिवे लागले की तिला प्रत्येक दिव्याभोवती झळाळी दिसायची. नजर दुसरीकडे वळवली तरी आधी पाहिलेल्या वस्तूची छाया डोळ्यांपुढे रेंगाळायची. जिना उतरताना दोनदा पाय चुकला, तेव्हा कुठे दवाखान्यात आणले.

‘‘काही औषधे चालू आहेत का?’’ मी विचारले. सासूबाईच म्हणाल्या, ‘‘नाही सर, गोळीबिळी काही नाही. धडधाकट आहे ती.’’ सून फरशीकडे बघत होती. सरकारी ओपीडीत एकांत मिळणे कठीणच. तरी सासूबाईंना केसपेपरवर शिक्का आणायला पाठवले, सिस्टरनी पडदा ओढला आणि पर्समधून गोळ्यांची अर्धी पट्टी बाहेर आली. क्लोमिफेन.

सव्वा वर्षापूर्वी एका डॉक्टरांनी तिला ही गोळी लिहून दिली होती : 50 मिलिग्रॅम, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस, रोज एक, तीन महिने. तीन महिन्यांत दिवस राहिले नाहीत. पुन्हा दाखवायला जायचे तर घरात सगळ्यांसमोर तोच विषय निघणार. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून ती ओळखीच्या दुकानातून पट्टी आणत राहिली. एकाच्या दोन गोळ्या झाल्या. मग जावेला दिवस गेले आणि दोनाच्या तीन झाल्या, पाच दिवसांचे दहा दिवस झाले. सोनोग्राफी एकदाही नाही. ‘‘गुण येईना म्हणून वाढवली, सर.’’

या गोळीचा हिशेबच वेगळा आहे. ती बीजकोशाला खत घालत नाही, ती मेंदूला फसवते. रक्तातले इस्ट्रोजेन किती आहे याची नोंद मेंदू सतत घेत असतो. क्लोमिफेन ती नोंदच अडवते. इस्ट्रोजेन कमी पडले असे समजून मेंदू बीजकोशाला जोराचा निरोप धाडतो आणि अडकलेले बीजांड तयार होऊन बाहेर पडते. ज्या बाईचे बीजांड वेळेवर सुटत नाही, तिच्यासाठी हे वरदान आहे. 1960च्या दशकापासून जगभर ते वापरले जाते. पण इस्ट्रोजेनला ते फक्त मेंदूत अडवत नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचा चिकट स्राव घट्ट होऊ शकतो, पिशवीचे अस्तर पातळ राहू शकते. म्हणजे बीज तयार, पण शुक्राणूंना वाट नाही आणि रुजायला जमीन नाही. गोळ्या वाढवून ती बाई कदाचित आपलीच शक्यता कमी करत होती. शिवाय हे औषध शरीरातून लवकर जात नाही. पाच दिवसांच्या गोळ्यांचा अंश काही आठवडे राहतो, त्यावर पुढच्या महिन्याचा डोस चढतो.

योग्य डोसमध्येही अंगातून गरम वाफा येणे, मळमळ, डोके दुखणे, चिडचिड हे होते आणि बहुतेकींचे आपोआप थांबते. डोळ्यांचा त्रास मात्र वेगळा. धूसर दिसणे, ठिपके, झळाळी हे डोस वाढला की वाढते. असे झाले की गोळी त्याच दिवशी बंद, आणि पुन्हा सुरू करायची नाही. बहुतेकींची नजर काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होते. क्वचित त्रास रेंगाळतो. यावर उतारा म्हणून वेगळे औषध नाही.

मला जास्त धास्ती असते ती पोटाची. बीजकोश प्रमाणाबाहेर चेतवले गेले की ते सुजतात, रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि रक्तातले पाणी पोटात, कधी छातीतही साचते. नुसत्या गोळ्यांनी याचा तीव्र प्रकार होणे दुर्मीळ. बीज वाढवण्याच्या आणि फोडण्याच्या इंजेक्शनांनंतर तो जास्त दिसतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांत शंभरात एक-दोघींना गंभीर त्रास होतो. पीसीओडी असलेल्या बायकांना धोका अधिक, आणि नेमक्या त्याच या औषधांकडे जास्त वळतात. पोट टम्म फुगले, एका दिवसात किलोभर वजन वाढले, लघवी कमी झाली, धाप लागली, तर ते ‘गॅस’ समजून सोडा पीत बसू नये. रक्त घट्ट झालेले असते. गुठळी पायात किंवा फुप्फुसात अडकू शकते, मूत्रपिंड थकते. रात्र असली तरी निघावे आणि कोणते इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतले तो कागद बरोबर न्यावा. तो कागद नसला की पहिले दोन तास अंदाज बांधण्यात जातात.

‘एकदमच दोन झाली तर काय बिघडले?’ हेही ऐकू येते. एरवी ऐंशी-नव्वद बाळंतपणांत एक जुळे. क्लोमिफेनवर शंभर गर्भारपणांत पाच ते आठ. जुळ्यांची बाळंतपणे अनेकदा वेळेआधी होतात. नवजात अतिदक्षता विभागाबाहेर चटई टाकून बसलेली कुटुंबे पाहिली की हा प्रश्न कोणी हौसेने विचारणार नाही.

पीसीओडीसाठी आता पहिली पसंती बहुधा लेट्रोझोलला असते. या वापरावर आपल्या देशात 2011 साली बंदी आली होती. 2017 मध्ये ती उठली. 2014च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात क्लोमिफेनपेक्षा लेट्रोझोलवर जास्त बायकांना मूल झाले. म्हणून कोणी तीही मनाने आणू नये. दोन्ही गोळ्यांना नियम एकच : सोनोग्राफीवर बीज वाढते का ते पाहायचे, आणि ठरावीक महिन्यांत यश आले नाही तर गोळी वाढवत न बसता कारण शोधायचे. क्लोमिफेनवर ज्यांना दिवस जातात, त्यांतल्या बहुतेकींना पहिल्या तीन-चार महिन्यांतच जातात. सहा महिन्यांपुढे ते सहसा देत नाहीत.

कारण शोधायचे म्हणजे नवऱ्यापासून सुरुवात करायची. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो. वीर्यतपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, खर्चही फार नाही. तरी सव्वा वर्ष गोळ्या गिळणाऱ्या या मुलीच्या नवऱ्याची ती झाली नव्हती. कोणी सांगितलेच नव्हते, असे ती म्हणाली. मला वाटते, सांगितलेही असेल; घरापर्यंत पोचले नसेल.

सासूबाई शिक्का घेऊन परतल्या, तेव्हा मी एवढेच सांगितले, की एका औषधाची अॅलर्जी झाली आहे, ते बंद केले की नजर सुधारेल, आणि पुढच्या वेळी मुलाला पाठवा. हे अर्धसत्य होते. पेशंटने तेवढेच सांगायला परवानगी दिली होती. गर्भचाचणी केली, ती निगेटिव्ह होती. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोश मोठे होते आणि एकात लिंबाएवढी गाठ होती. स्त्रीरोग विभागाने औषध न देता महिनाभर थांबायला सांगितले. गाठ विरली. डोळ्यांपुढची झळाळी तिसऱ्या आठवड्यात गेली.

नवरा दीड महिन्याने आला, दुकान बंद असते त्या दिवशी, एकटाच. रिपोर्ट चौघडी करून शर्टाच्या खिशात ठेवला होता. शुक्राणूंची संख्या फार कमी. मी दोनदा वाचला, तोवर तो दाराकडे बघत होता. मग खुर्ची पुढे ओढून त्याने हळू आवाजात विचारले, ‘‘सर, मला रोज किती गोळ्या घ्याव्या लागतील?’’

मी यूरोलॉजीची चिठ्ठी लिहून दिली.