सर्व्हरचा प्रोसेसर खरंच तापलाय का? आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी हे तपासा

मागच्या मे महिन्यात मी जुन्या पीसीचा घरगुती सर्व्हर बनवला. घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो रात्री आपोआप त्यावर सेव्ह व्हायचे. सगळं मस्त चाललं होतं, फक्त डॅशबोर्डवर प्रोसेसरचं तापमान दिसत होतं ६२ अंश सेल्सिअस. तेही काहीच काम चालू नसताना!

मी घाबरलो आणि थेट कूलर काढायला बसलो. जुनी थर्मल पेस्ट इतकी सुकली होती की कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपसून आला आणि दोन पिना वाकल्या. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने त्या हळूहळू सरळ केल्या. दोन दिवस सर्व्हर बंद. नवी पेस्ट लावून चालू केला, तर आकडा? पुन्हा ६२!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सेन्सर्स' ही कमांड चालवली. एकाच प्रोसेसरच्या दोन ओळी आल्या: 'टी-डाय' ४२ आणि 'टी-कंट्रोल' ६२. डॅशबोर्ड यातला मोठा आकडा उचलत होता.

एकाच चिपचे दोन आकडे कसे?

टी-डाय म्हणजे चिपचं खरं तापमान. टी-कंट्रोल म्हणजे पंखा किती जोरात फिरवायचा हे ठरवण्यासाठी वापरायचा आकडा. एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझनमध्ये १६००एक्स, १७००एक्स आणि १८००एक्स या मॉडेलचा टी-कंट्रोल मुद्दाम २० अंशांनी वाढवलेला असतो. २७००एक्समध्ये हा फरक १० अंशांचा आहे, तर सुरुवातीच्या थ्रेडरिपरमध्ये २७ अंशांचा. वेगवेगळ्या मॉडेलना पंख्याचे सारखेच नियम लावता यावेत, म्हणून ही सोय. कंपनीने हे २०१७ मध्येच उघडपणे सांगितलं होतं. माझ्याकडे १७००एक्स होता आणि मीच वाचलं नव्हतं.

इंटेलची पद्धत वेगळी. तिथला सेन्सर 'कमाल मर्यादेपासून किती अंश खाली' एवढंच सांगतो. मर्यादा १०० असेल आणि सेन्सर ४० म्हणाला, तर तापमान ६०. पण सॉफ्टवेअरने मर्यादाच चुकीची धरली, तर उत्तरही तेवढंच चुकणार. जुन्या कोअर २ प्रोसेसरच्या काळात सॉफ्टवेअरला ही मर्यादा बऱ्याचदा अंदाजाने धरावी लागायची. शिवाय मर्यादेपासून जितकं दूर, तितकी अचूकता कमी. म्हणून मशीन निवांत असताना दोन कोअरमध्ये चार-पाच अंशांचा फरक दिसला तर टेन्शन घेऊ नका.

तिसरा प्रकार मदरबोर्डवरच्या चिपचा. तिच्या ज्या पिनेला सेन्सर जोडलेलाच नसतो, तिथे १२७ किंवा चक्क उणे आकडा दिसू शकतो. तो कशाचंच तापमान नसतो.

तुमच्या फोनमध्येही हीच गंमत आहे बरं का! अँड्रॉइडच्या आत लिनक्सच आहे आणि तिथे तापमान साधारणपणे अंशाच्या हजाराव्या भागात लिहिलेलं असतं. ४१५०० म्हणजे ४१.५ अंश. आणि नव्या अँड्रॉइडमध्ये साध्या ॲपला प्रोसेसरचे सेन्सर बहुतेकदा वाचताच येत नाहीत. 'सीपीयू टेम्परेचर' म्हणून दिसणारा आकडा बॅटरीचाही असू शकतो.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी

१. मॉडेल नंबर पूर्ण वाचा. शेवटचं अक्षरसुद्धा. का, ते खाली कळेलच.

२. गार मशीन तपासा. रात्रभर बंद ठेवलेला सर्व्हर सकाळी चालू करून लगेच आकडा बघा. साधा पंखा खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोलीत ३० असताना प्रोसेसर १५ दाखवत असेल, तर आकडा चूकच.

३. लोड द्या. सगळ्या कोअरना काम लावा. आकडा काही सेकंदांत चढला आणि काम थांबवल्यावर उतरला पाहिजे. जागचा हललाच नाही, तर तुम्ही भलताच सेन्सर बघताय.

४. दुसरा साक्षीदार शोधा. मोठ्या सर्व्हरमध्ये बीएमसी नावाचा वेगळा छोटा कंट्रोलर असतो. तो ऑपरेटिंग सिस्टीमवर अवलंबून न राहता सेन्सर वाचतो. घरच्या मशीनवर बायोस बघा. फक्त तिथे प्रोसेसर पूर्ण विश्रांती घेत नाही, त्यामुळे आकडा थोडा जास्त येतो.

५. वेग बघा. प्रोसेसर खरंच मर्यादेला टेकला, तर तो स्वतःच गिगाहर्ट्झ कमी करतो. तसं होत असेल तर आकडा खोटा समजू नका.

आणि हो, व्हर्च्युअल मशीनच्या आत सहसा सेन्सर दिसतच नाहीत. तपासणी मूळ मशीनवरच करा.

उलटी चूक जास्त महागात पडते

हे सगळं शिकल्यावर मी स्वतःला एक्स्पर्ट समजू लागलो. एकदा रात्री मित्राचा फोन आला, "अरे, माझा सर्व्हर ८८ दाखवतोय." मी लगेच म्हणालो, "वीस वजा कर, ६८ आहे. झोप निवांत."

फोन ठेवल्यावर आठवलं, त्याचा प्रोसेसर १७०० आहे, १७००एक्स नाही. त्या मॉडेलला फरक शून्य! ८८ म्हणजे खरंच ८८, आणि त्याची मर्यादा ९५. परत फोन करून त्याला आधी मशीन बंद करायला लावलं. उघडून पाहिलं तर एक सैल केबल कूलरच्या पंख्यात अडकली होती. पंखा ठप्प.

म्हणून सांगतो, आकडा मोठा दिसला की घाबरू नका, पण 'सेन्सर खोटाच असतो' म्हणून सोडूनही देऊ नका. तो आकडा कुठल्या सेन्सरचा आहे आणि त्यात कुणी काय मिळवलंय, हे आधी शोधा. पाच मिनिटं लागतात. माझ्या दोन पिना तेवढ्यात वाचल्या असत्या.