बासरीची लांबी

शिक्षकाच्या नोकरींत असतांना एका मुलाच्या दप्तरांतून मीं बासरी काढून घेतली होती. "हें जत्रेंतलें खेळणें शाळेंत कशाला?" असें मीं त्यास दरडावून विचारलें. तो कांहींच बोलला नाहीं. आज तें उत्तर मलाच द्यावयाचें आहे.

माझें मत अगदींच निराधार नव्हतें. बासरी फार प्राचीन खरी. परंतु उत्तर हिंदुस्थानी मैफलींत वीणा-सतारीच्या पंक्तीस बसण्याचा मान तिला विसाव्या शतकांतच मिळाला. नळींतील हवेचा स्तंभ जितका आखूड, तितकीं त्याचीं कंपनें जलद व स्वर उंच. आखूड बासरी गोड वाजते, पण ख्यालाचा आलाप ज्या मंद्र स्वरांत मूळ धरतो, ते तिच्यांत नसतात.

ही उणीव पन्नालाल घोष यांनीं दूर केली. त्यांचा जन्म १९११ सालीं, आतां बांगलादेशांत असलेल्या बारिसाल येथें झाला. निरनिराळ्या नळ्या करून पाहतां पाहतां ते सुमारें ३२ इंच लांबीवर स्थिरावले. ऐकावयास हें सोपें वाटतें. नळी लांबली कीं भोंकें एकमेकांपासून दूर जातात. बोटांचीं टोकें पुरत नाहींत, तीं पेरांनीं झांकावीं लागतात. दमहि अधिक लागतो. वरचीं तीन भोंकें झांकलीं म्हणजे षड्ज, सहाहि झांकलीं म्हणजे मंद्र पंचम. त्याखालीं उतरतां यावें म्हणून पन्नालालांनीं करंगळीसाठीं सातवें भोंक पाडलें. तें झांकतांच मंद्रांतला तीव्र मध्यम मिळतो. कोमल स्वरांस मात्र निराळीं भोंकें नाहींत; तीच अर्धवट झांकावयाचीं. पेटीची पट्टी दाबली कीं स्वर ठरलेला. बासरीवादकास तो दर खेपेस फुंकरीनें व कानानें घडवावा लागतो. परंतु मींडहि याच अडचणींतून निघते. बोट हळूहळू सरकवीत भोंक उघडलें कीं एक स्वर दुसऱ्यांत गळ्यासारखा ओघळतो. पेटीला हें साधत नाहीं.

पन्नालाल १९५६ सालीं दिल्लीस आकाशवाणीच्या वाद्यवृंदाचे संचालक झाले व १९६० सालीं वारले.

हरिप्रसाद चौरसिया हे अलाहाबादच्या एका पहिलवानाचे चिरंजीव, जन्म १९३८ चा. १९५७ सालीं ते कटकच्या आकाशवाणी केंद्रावर लागले. पुढें मुंबईंत चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांचें नांव झालें. एवढें झाल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकावयास गेले. आरंभ खरोखरच नव्यानें व्हावा म्हणून उजवीकडे धरावयाची बासरी आपण डावीकडे धरूं लागलों, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. बसलेला हात मोडून पुन्हां 'सा' शोधावयाचा! असा विद्यार्थी मला एकहि लाभला नाहीं. मीहि तसा नव्हतों.

त्या मुलाची बासरी मीं वर्षअखेरीस परत केली. ती उभी चिरली होती. कपाटांत पडून राहिलेला बांबू उन्हाळ्यांत वाळून तडकतो, हें मला ठाऊक नव्हतें. मुलानें ती ओठांस लावून पाहिली व दप्तरांत ठेवली.